चिनी मातीचे होल्डर

गाडीला मोठे दिवे लावून माझ्या साडूला, रणजितला, तीन गोष्टी मिळवायच्या होत्या. पहिली, आंबा घाटातल्या धुक्यात पुढचं दिसणं. दुसरी, आपण येतोय हे वळणापलीकडच्या माणसाला आधीच कळणं. या दोन कुणालाही मिळतात. तिसरी खास त्याची होती. साखरप्याच्या नाक्यावरून गाडी वळली की त्या दिव्यांचा झोत थेट आप्पांच्या पडवीच्या भिंतीवर पडायचा, आणि आप्पा हातातला पेपर ठेवून उठून उभे राहायचे. नवे दिवे लावल्यापासून तो दोनदाच येऊन गेला होता, पण दोन्ही वेळा आप्पा उठले होते. हे सासूबाईंनी फोनवर शैलाला, माझ्या बायकोला, सांगितलं, तिने मला. मी अकरा वर्षं त्या घरचा थोरला जावई होतो. एसटीने यायचो, नाक्यावर उतरून चालत यायचो. माझ्यासाठी कुणी पेपर खाली ठेवलेला मला आठवत नाही.

त्या दिवशी सकाळचे नऊ वाजून गेले तरी रणजित आला नव्हता. अधिक श्रावण चालू होता. जावयांना धोंड्याचं जेवण, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारशांचं वाण, वर निरांजन, असा थाट होता. मी आणि शैला आदल्या संध्याकाळीच येऊन बसलो होतो. धाकटा जावई कोल्हापूरहून निघाला होता आणि तो काही रिकामा येत नव्हता. सासूबाईंचं मोतिबिंदूचं ऑपरेशन त्याने तिकडे करवून घेतलं होतं, आठ दिवस त्यांना घरी ठेवलं होतं आणि आता पुढच्या सीटवर बसवून परत आणत होता. शेजारणींना सांगायला किती सोयीचं. धाकट्या जावयाने सासूला दृष्टी दिली. थोरल्याने काय केलं, तर अनारसे मोजले.

मी खरंच मोजले होते. दोन्ही ताटांत तेहतीसच होते, पण जाळी सुटलेले, नीट फुललेले बरेचसे उजवीकडच्या ताटात गेले होते. हे ताट कुणाचं, म्हणून मी शैलाला विचारलं. दोन्ही सारखीच आहेत, म्हणाली.

"मग उजवीकडचं मला."

"तुम्ही काय बालवाडीत आहात?" असं म्हणून तिने दोन्ही ताटांवर फडकं टाकलं.

अनारशांवरून कुणी साडूचा हेवा करत नाही, हे मलाही समजत होतं. खरी गोष्ट गाळ्याची होती. आप्पांनी म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, यशवंत चाळक्यांनी, एकतीस वर्षं एसटी चालवली होती, आणि त्या एकतीस वर्षांत त्यांच्या गाडीला साधा ओरखडा गेला नव्हता. विनाअपघात सेवेचा बिल्ला पडवीत देवाच्या फोटोखाली टांगलेला असायचा. निवृत्तीच्या पैशांत त्यांनी नाक्यावर रस्त्याला लागून एक गाळा बांधला होता. मुलगा नव्हता, जावई दोन, गाळा एक. मला तो ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानासाठी हवा होता. मी पालीला दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला होतो. हात माझे, पाटी त्याची. आणि घाटाच्या पायथ्याचा गाळा म्हणजे घाट उतरून येणाऱ्या प्रत्येक तापलेल्या, जळलेल्या, बंद पडलेल्या गाडीला पहिला दिसणारा माणूस आपण. रणजितला तो फरशांच्या दुकानाची शाखा काढायला हवा होता. कोल्हापुरात त्याचं मोठं दुकान होतं. कोकणात आता सगळे घरं बांधायला लागलेत, असं तो म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं.

आप्पा कुणालाच काही बोलत नव्हते. दोघं जावई एका ओळीत पाटावर बसलात की सांगतो, एवढंच त्यांनी दिवाळीपासून लावून धरलं होतं.

रणजितबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. उंच, मोकळ्या चेहऱ्याचा, मोठ्याने हसणारा. मला 'दादा' म्हणायचा आणि ते मनापासून म्हणायचा. मला राग यावा असं त्याने एवढ्या वर्षांत काहीही केलं नव्हतं. त्याचाच मला फार त्रास व्हायचा. माणसाने निदान एकदा तरी चुकावं, म्हणजे समोरच्याला धरायला काहीतरी मिळतं.

सव्वादहाला नाक्यावरून दुधाचा टेम्पो वळला आणि सरळ अंगणात शिरला. ड्रायव्हरच्या शेजारी वैजू बसली होती, माझी मेहुणी, रणजितची बायको. तिने सासूबाईंना धरून खाली उतरवलं. त्यांच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती आणि डावा हात पदरात गुंडाळून छातीशी धरलेला होता.

वैजूने जे सांगितलं ते असं. घाटात धुकं इतकं की बॉनेटच्या पुढचं दिसत नव्हतं. गायमुखाच्या अलीकडे गाडीत जळका वास यायला लागला. रणजित म्हणाला, बाजूला घेतो, आणि तेवढ्यात दोन्ही दिवे एकदम गेले. गाडी पांढरी, धुकं पांढरं. वर चढणाऱ्या ट्रकला ती दिसलीच नाही. ट्रक अंगावर आला तेव्हा रणजितने ब्रेक मारून गाडी डोंगराकडच्या गटारात घातली. ट्रक निघून गेला. गाडीला फारसं काही झालं नाही. सासूबाईंनी मात्र तोल सावरायला हात पुढे टेकला होता.

आप्पांनी सगळं उभ्याने ऐकलं. बायकोचा हात बघितला, बोटं हलतात का ते बघितलं, आणि मग इतक्या वर्षांच्या ड्रायव्हरने विचारावा तोच प्रश्न विचारला.

"दिवे गेलेच कसे?"

वैजूला ते सांगता येईना.

सासूबाईंना गावातल्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. आप्पा मला म्हणाले, "दिगंबरराव, स्कूटर घ्या. गाडी घाटात सोडून चालणार नाही. दिव्यांचं काय झालंय ते तुम्हालाच कळेल."

तुम्हालाच. हा 'च' मी अकरा वर्षं ऐकला नव्हता. शैलाने माझी हत्यारांची पिशवी आणून दिली. काल एवढं जड काय घेऊन निघालात ते विचारणारच होते, पण बरं झालं आणलीत, असं म्हणाली.

गाडी सापडायला वेळ लागला, कारण ती खरोखरच दिसत नव्हती. आधी रणजित दिसला. धोंड्याच्या जेवणासाठी नवा मोतिया रंगाचा सदरा घातला होता, तो भिजून अंगाला चिकटला होता. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना कळावं म्हणून तो झाडाची फांदी घेऊन वळणावर उभा होता. मला बघून त्याने फांदी टाकली.

"आईंचा हात कसा हाय, दादा?"

"डॉक्टरकडे नेलंय. मनगट असावं."

तो म्हणाला, ब्रेक जरा हळू मारला असता तर. मी म्हटलं, हळू मारला असतास तर ट्रक मारला असता. हे मी चांगुलपणाने म्हणालो नाही. एक इलेक्ट्रिशियन म्हणून बोललो.

बॉनेट उघडलं. दिव्याच्या बल्बला मागून तीन पायांचा एक होल्डर लागतो. गाडीबरोबर येतो तो साध्या प्लास्टिकचा असतो, आणि त्याच्या वायरी कंपनीच्या बल्बच्या भाराला पुरतील एवढ्याच असतात. त्या जागी शंभर-नव्वद वॉटचा बल्ब घातला की उजेड जवळजवळ दुप्पट होतो आणि वायर आहे तेवढीच राहते. मग वायर तापते, पाय तापतात, प्लास्टिक आधी तांबूस होतं, मग मऊ पडतं. उजव्या दिव्याचा होल्डर ओघळून बल्बच्या पायांना गुळाच्या पाकासारखा चिकटला होता. आतल्या दोन वायरींचं आवरण जळून त्या एकमेकींना लागल्या होत्या. फ्यूज उडाला होता आणि दोन्ही दिवे गेले होते. डावा होल्डरही त्याच वाटेवर होता.

मी पक्कडीने वितळलेलं प्लास्टिक फोडलं. जळलेली वायर जिथपर्यंत कडक झाली होती तिथपर्यंत मागे कापत गेलो. रणजित हातातल्या बॅटरीचा उजेड धरून शेजारी उभा होता आणि दर मिनिटाला विचारत होता, काय करायला लागेल, दादा, मी काय देऊ. मग त्यानेच पिशवीत हात घातला.

माझ्या कामाच्या पिशवीत टेस्टर, पक्कड, टेप, चार फ्यूज, एवढं नेहमीच असतं. कुणाच्याही असतं. रणजितने आधी जाड लाल वायरीचं वेटोळं बाहेर काढलं. नवं, बांधलेली सुतळीही तशीच होती. मग एक रिले, जास्त भार चालू-बंद करणारी छोटी डबी. मग एक पुडकं. त्याने कागद उलगडला. आत दोन होल्डर होते, पांढरे, चिनी मातीचे, न वितळणारे. दोन. उजव्याला एक, डाव्याला एक.

बॅटरीचा उजेड हलला नाही. कापसासारखं धुकं आमच्या दोघांमधून जात होतं.

"हे सगळं सणाला येताना आणलंत तुम्ही," तो म्हणाला. तो प्रश्न नव्हता.

मी म्हणालो, आम्हा लोकांच्या पिशवीत काय काय पडलेलं असतं. त्याने होल्डर उलटा करून पाहिला. त्याला धुळीचा कणही लागलेला नव्हता.

तीन आठवड्यांपूर्वी रत्नागिरीला जाताना तो पालीच्या दुकानात थांबला होता. मुद्दाम मला भेटायला. बल्बचा खोका दाखवला, शंभर-नव्वदचे, कोल्हापुरात घेतलेले. आईंना आणायचंय, घाटात धुकं असतं, म्हणाला. "दादा, बसतील काय आपल्या गाडीत?" मी म्हणालो, बसतील की. ते खरंच होतं, बसतात. मग त्याने विचारलं, आणखी काही करायला लागेल काय? त्यावर मी सांगायला हवं होतं की बाबा, तसेच घालू नकोस. गाडीच्या बॅटरीपासून जाड वायर वेगळी ओढावी लागते, मध्ये रिले बसवावा लागतो, होल्डर बदलावे लागतात. तासाचं काम आहे, चहा घे तोवर करून देतो. मी म्हणालो, "काच पुसून घे. उजेड झकास पडेल."

आणि त्याने काच पुसून घेतली.

मी मनाशी आखणी केली होती. असा होल्डर एका दिवसात जात नाही. पावसाचे दिवस, दिवे दिवसाही चालू, तीन आठवडे पुरे. धोंड्याच्या जेवणाला गाडी अंगणात उभी असेल, बॉनेटमधून वास येईल, सगळे जमतील, रणजित डोकं खाजवेल. आणि थोरला जावई पिशवी उघडून आप्पांच्या डोळ्यांदेखत तासाभरात काम चोख करून दाखवेल. मग गाळा कुणाला द्यायचा हे वेगळं सांगायला लागणार नाही. आखणीत अंगण होतं. घाट नव्हता. सासूबाई गाडीत असतील हे मला माहीत होतं, त्यानेच सांगितलं होतं. मी ते धरलंच नव्हतं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," रणजित म्हणाला.

"हो."

"तोंडानं विचारलं होतं. आणखी काय करायला लागेल म्हणून."

"हो."

तो पुढे काही बोलेल म्हणून मी थांबलो. खरं सांगतो, त्याने मला दोन शिव्या द्याव्यात, फांदी उचलावी, असं मला फार वाटलं. म्हणजे बरोबरी झाली असती. त्याने होल्डर माझ्या हातात दिला आणि बॅटरीचा उजेड पुन्हा वायरींवर धरला.

"करा," म्हणाला.

मी केलं. बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिले, रिलेपासून दोन्ही होल्डरना जाड वायर. जुन्या बारीक वायरीला आता फक्त रिलेला इशारा द्यायचं काम उरलं, भार नव्या वायरीवर. आयुष्यात एवढं नीट काम मी थोडंच केलं असेल. पाऊण तासात दोन्ही दिवे लागले, आणि खालचं वळण पिवळ्या उजेडात उघडं पडलं. गटारातून गाडी काढायला दोन ट्रकवाले उतरले. त्यांनीही दिव्यांची तारीफ केली. ती तारीफ मी घेतली.

तो गाडीने पुढे, मी स्कूटरने मागे. सबंध उतार त्याच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून मी उत्तरं जुळवत होतो. विसरलो म्हणावं. घाईत होतो म्हणावं. त्याने विचारलंच नव्हतं म्हणावं, शब्द कुणाचा धरायचा ते आप्पांनी ठरवावं.

घरी आलो तेव्हा सासूबाई प्लास्टर घालून पलंगावर बसल्या होत्या. मनगटाचं हाड मोडलं होतं. आप्पा पडवीत उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"रणजितराव, त्या दिव्यांना हात कुणी लावला होता?"

"मीच, आप्पा."

"कंपनीचे बल्ब काढून मोठे घातलेत. वायर बदलली नाही. कुणाला विचारलंत?"

शैला दारात होती. वैजू तिच्या मागे. मी पिशवीचा पट्टा घट्ट धरला होता.

"कुणालाच न्हाई," रणजित म्हणाला. "हौस आली, घातले."

आप्पा आवाज चढवणारे नव्हते. एवढंच म्हणाले की इतक्या वर्षांत पंचेचाळीस माणसं रोज मागे बसायची, पण हौस म्हणून मी कधी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. मग पाय धुवायला गेले. रणजित मान खाली घालून उभा राहिला. ओल्या सदऱ्यात तो प्रथमच मला लहान दिसला. इतकी वर्षं मला जे बघायचं होतं ते समोर होतं, आणि मी बघू शकत होतो, कुणी अडवलं नव्हतं.

तीन वाजता पानं मांडली. आम्ही दोघं एका ओळीत पाटावर बसलो. सासूबाईंनी एका हाताने ओवाळलं, दुसऱ्या बाजूने वैजूने ताट धरलं. धोंडे वाढले. आप्पांनी पहिला घास घ्यायच्या आधी सांगून टाकलं. गाळा दिगंबररावांना. ज्याच्या कामावर डोळे मिटून विसंबता येतं त्याच्या हातात रस्त्याकडेची जागा असावी.

सगळ्यांच्या आधी रणजितने मांडीवर थाप मारून 'झकास' म्हटलं. तो खोटं हसत असता तर मला कळलं असतं. हसण्यातलं खोटं मला चांगलं ओळखता येतं, माझा स्वतःचा सराव आहे.

संध्याकाळी तो एकटाच परत निघाला. वैजू आईजवळ राहणार होती. तो गाडीत बसला तेव्हा मी खिडकीशी गेलो. बोललास का नाहीस, एवढंच विचारलं. आभार मानायचं सुचलं नाही.

त्याने चावी लावली पण फिरवली नाही.

"मघाशी आईंच्या पाया पडलो. हात दुखतोय का म्हणून विचारलं. तर म्हणाल्या, हाताचं काय, जुळेल. आमचे थोरले जावई होते म्हणून तुम्ही घाटातनं सुखरूप आलात." त्याने चावीवरून हात काढला. "मनगट मोडलंय त्यांचं, दादा. आता जावई पण मोडू काय?"

मग त्याने दिवे लावले, माझ्याच हातचे, आणि गेला.

याला आता एकोणीस वर्षं झाली. दसऱ्याला गाळ्याचा नारळ फोडायला आप्पांनी रणजितलाच बोलावलं होतं, राग धरला नाही असं दाखवायला. त्याने येऊन फोडलाही. दुकान चांगलं चालतं. हाताखाली दोन माणसं आहेत, पाटीवर माझं नाव आहे, दिगंबर तावडे. घाट उतरून येणारे शंभर-नव्वदवाले मी रिले लावल्याशिवाय सोडत नाही. कुणी पैशासाठी नको म्हणाला तर बल्बच काढून हातात देतो. लोक म्हणतात, तावडे कामाला फार कडक माणूस.

घरात लग्न असो की बारसं, रणजितने घाटात दिवे कसे जाळले ही गोष्ट कुणीतरी काढतंच. तोच ती सगळ्यांत रंगवून सांगतो. काच कशी पुसून घेतली होती हेसुद्धा सांगतो. तेवढं वाक्य सांगताना माझ्याकडे बघत नाही, आणि त्याच्या त्या न बघण्याचा मला अजून हेवा वाटतो. मला ते जमलं नसतं.

शैलाने त्या पिशवीबद्दल पुढे कधीच विचारलं नाही. फक्त मी कुठेही निघालो की ती बाहेर ठेवायच्या आधी एका हाताने उचलून बघते, किती जड आहे ते.

सासूबाईंचं मनगट थोडं वाकडंच जुळलं. त्यानंतर पुरण त्यांनी वाटलं नाही, शेवटपर्यंत दुसऱ्या कुणीतरी वाटलं. रणजितचा गाळा गेला आणि त्याच्यावरचा आप्पांचा भरवसाही. गेली आठ वर्षं आप्पा नाहीत, पण होते तोवर त्यांनी त्याच्या गाडीत पुन्हा पाय ठेवला नाही. कोल्हापूरला लेकीकडे जायचं तर ऐंशीव्या वर्षीही एसटीने गेले, उभ्याने गेले. म्हणजे त्यांचंही गेलंच. माझं बिल तिघांनी भरलं. माझ्याकडे अजून कुणी काही मागितलेलं नाही.